शाळेला नाव कळायची गरज नाही

आपल्या शाळेत एचआयव्ही असलेलं मूल आहे का, असा प्रश्न एखाद्या मुख्याध्यापकांना पडला तर त्यांनी तो कोणालाही विचारू नये. विचारण्यामागे बहुतेक वेळा काळजीच असते. "आधी कळलं असतं तर जरा लक्ष ठेवलं असतं," असं शिक्षक मनापासून म्हणतात. पण या विषयातला कायदा आणि वैद्यकीय सूचना एकाच गोष्टीवर उभ्या आहेत: कोणाला आहे हे कुणालाच माहीत नसताना शाळा सुरक्षित चालली पाहिजे. ती तशी चालवता येते. कशी, ते सातारा-सांगलीच्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून एकेक करून पाहू.

हे दोन जिल्हे या विषयात नवखे नाहीत. पाटण-जावळीचा माणूस मुंबईत माथाडी कामाला, विटा-आटपाडीचा देशभर सोन्या-चांदीच्या गलाईवर, कऱ्हाड-पेठ नाक्याकडचा पुणे-बंगळूर महामार्गावर ट्रकवर. बायको-मुलं मात्र गावाकडे. दोन-तीन पिढ्यांची ही रीत आहे. १९९० च्या दशकात एचआयव्ही इथे पसरला त्यामागे महामार्ग, बाजारपेठा आणि असं दोन ठिकाणी विभागलेलं घर ही कारणं होती. त्यात भरडल्या गेल्या त्या नवऱ्याखेरीज कोणाशी संबंध न आलेल्या कितीतरी बायका, आणि त्यांच्या पोटची मुलं. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात, २००७ च्या सुमारास, जिल्ह्यांची वर्गवारी झाली तेव्हा महाराष्ट्रातले बहुतेक जिल्हे सर्वाधिक लक्ष द्यावं अशा 'अ' गटात होते. सातारा-सांगलीही त्यातच.

प्रतिबंधाचं इथलं सर्वांत धाडसी काम सरकारी कचेरीत सुरू झालं नाही. १९९२ मध्ये मीना शेषू यांनी 'संग्राम' म्हणजे संपदा ग्रामीण महिला संस्था उभी केली आणि सांगलीच्या गोकुळनगरातल्या वेश्याव्यवसायातल्या बायकांनाच निरोध वाटण्याचं आणि समजावण्याचं काम दिलं. त्याच बायकांनी १९९६ मध्ये 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' ही स्वतःची संघटना काढली. पुढे २००५ मध्ये संग्रामने अमेरिकी सरकारची आर्थिक मदत नाकारली, कारण मदत घेणाऱ्याने वेश्याव्यवसायाच्या विरोधात असल्याची लेखी हमी द्यावी अशी अट होती. ज्यांच्यासोबत काम करायचं त्यांचाच धिक्कार कागदावर लिहून द्यायचा, हे त्यांना पटलं नाही. माझ्या मते या प्रदेशातल्या शाळांनी शिकावं असं बरंच त्या नकारात आहे. हिणवून कोणी सावध होत नाही. हिणवलेला माणूस लपतो, चाचणी टाळतो आणि उपचार सोडतो. या बायकांच्या मुलांना शाळेत आईच्या कामावरून टोमणे सहन करावे लागत. म्हणून याच संघटनेने त्यांच्यासाठी निपाणीला 'मित्रा' वसतिगृह चालवलं.

आता आजचं चित्र. सरकारी अंदाजाप्रमाणे देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगतात आणि त्यांतले सर्वाधिक, चार लाखांच्या आसपास, महाराष्ट्रात आहेत. १ एप्रिल २००४ पासून देशात मोफत एआरटी म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारं औषध मिळू लागलं. २०१७ पासून निदान झालं की लगेच, रोगप्रतिकारशक्ती किती उरली आहे याची वाट न पाहता, उपचार सुरू होतात. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालयात आणि सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात एआरटी केंद्रं आहेत. गर्भवती आईला वेळेवर औषध मिळालं नाही तर बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. औषध चालू असेल तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. बाळ सहा आठवड्यांचं झालं की टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन पहिली तपासणी होते आणि शेवटचा निर्वाळा दीड वर्षाच्या सुमारास मिळतो.

याचा शाळेच्या पटावर परिणाम असा झाला की जन्मतः लागण झालेली मुलं कमी होत चालली, आणि जी आहेत ती औषधावर तंदुरुस्त आहेत, दहावी-बारावीपर्यंत येऊन पोचली आहेत. दुसरीकडे, आईवडिलांना लागण आहे पण स्वतःला काहीच नाही, अशीही मुलं असतात. गावाला हा फरक समजत नाही आणि दोघांच्याही वाट्याला सारखीच कुजबूज येते. उरलेली सगळी मुलं आज निरोगी आहेत, पण पाच-दहा वर्षांत त्यांचंही तारुण्य सुरू होणार आहे. या सगळ्यांसाठी मिळून शाळेचं धोरण करायचं आहे.

विषाणूचा स्वभाव आधी नीट समजून घेतला तर निम्मी भीती जाते. तो रक्तात, वीर्यात, योनीतल्या व गुदमार्गातल्या स्रावात आणि आईच्या दुधात लागण होण्याइतका असतो. लाळ, घाम, अश्रू यांतून लागण होत नाही. शरीराबाहेर तो फार तग धरत नाही आणि अखंड त्वचेतून आत शिरत नाही. म्हणजे एका बाकावर बसणं, एका नळाचं पाणी, एकाच ताटात खाणं, शौचालय, पोहण्याची विहीर, डास, खोकला यांतलं काहीही धोक्याचं नाही. मुलांनी भांडताना एकमेकांना ओरखडलं तरीही नाही. दवाखान्यात रुग्णाच्या रक्ताने भरलेली सुई एखाद्या कर्मचाऱ्याला खोल टोचली, तरी लागण होण्याची सरासरी शक्यता हजारात तीन इतकीच असते. तीही ७२ तासांच्या आत, जमलं तर दोन तासांतच, औषध सुरू करून २८ दिवस घेतलं की खूप खाली येते. दवाखान्यातली सुई एवढी, तर शाळेतला वहीचा पिनटोच्या किती, याचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंबद्दलही हेच. स्वयंपाकातून हा आजार जात नाही. एखादी विधवा बाई एचआयव्हीसह जगत असेल आणि शाळेची खिचडी शिजवत असेल, तर तिच्या हातचं खाण्यात काडीचाही धोका नाही, आणि त्या कारणाने तिला कामावरून काढणं बेकायदा आहे. तिच्या हाताला स्वच्छता हवी, ती तर प्रत्येक स्वयंपाकिणीच्या हाताला हवी.

आता मैदानावर येऊ, कारण पालकांची खरी धास्ती तिथे असते. मधल्या सुट्टीत पाचवीतला पोरगा मुरुमावर घसरला, गुडघा फुटला, रक्त पोटरीवरून मोज्यात उतरलं. काय करायचं? मूल शुद्धीवर आणि समजूतदार असेल तर स्वच्छ कापसाचा बोळा त्याच्याच हातात देऊन त्यालाच जखम दाबायला सांगायची. तोवर शिक्षकांनी प्रथमोपचार पेटीतले हातमोजे चढवायचे. मग वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुवायची, कोरडी करायची, पट्टी बांधायची. फरशीवर रक्त सांडलं असेल तर त्यावर जुना कपडा किंवा कापूस टाकून वरून ब्लीचिंग पावडरचं ताजं पाणी ओतायचं, दहा मिनिटं तरी तसंच ठेवायचं, मग पुसून सगळं पिशवीत गाठ मारून टाकायचं. हातमोजे उलटे करून काढायचे आणि हात साबणाने धुवायचे. हातमोजे नसतील तर हातावर प्लास्टिकची स्वच्छ पिशवी चढवली तरी भागतं. मूल रडत असताना कपाटाची किल्ली शोधत बसू नये, एवढंच.

ही रीत प्रत्येक रक्तासाठी आहे. सरपंचाच्या मुलाचं असो की वसतिगृहातल्या अनाथ मुलाचं, मोजे चढवायचेच. याला एक साधं वैद्यकीय कारण आहे: रक्तातून जाणारा हिपॅटायटिस बी हा विषाणू एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज लागतो आणि तो कोणाच्या रक्तात आहे हे चेहऱ्यावर दिसत नाही. एका मुलाच्या वेळी मोजे घातले आणि दुसऱ्याच्या वेळी नाही, तर सगळ्या वर्गाला कळतं. कबड्डीच्या मैदानात आणि कुस्तीच्या आखाड्यातही, जो या दोन जिल्ह्यांत दर दुसऱ्या गावात आहे, नियम हाच: रक्त आलं की खेळ थांबवायचा, जखम झाकायची, रक्ताळलेला कपडा बदलायचा, मग पुन्हा उतरायचं. पंचांनी हा नियम सगळ्यांना सारखा लावला की कोणाच्या तब्येतीची चौकशी करावी लागत नाही.

एका गोष्टीत मात्र सगळे उलटा विचार करतात. वर्गात धोका असतो तो एचआयव्ही असलेल्या मुलालाच. कांजिण्या, गोवर, क्षयरोग यांची साथ त्याला इतरांपेक्षा जड जाऊ शकते, विशेषतः औषध नीट चालू नसेल तर. मग त्याला सांगायचं कसं, जर शाळेला नावच माहीत नाही? वर्गात कांजिण्यांचं मूल निघालं की त्या वर्गाच्या सगळ्या पालकांना त्याच दिवशी निरोप द्यायचा. ज्याला त्या निरोपाचा अर्थ कळायचा त्याला कळतो आणि तो मुलाला घेऊन डॉक्टरांकडे जातो. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या मुलाच्या घरीही तोच निरोप उपयोगी पडतो.

वसतिगृहात प्रश्न जरा बिकट होतो, कारण तिथे गोळी लपवायला घर नसतं. एआरटीची गोळी रोज, ठरलेल्या वेळी, न चुकवता घेतली पाहिजे. वारंवार खाडे झाले तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो आणि महागड्या, पुढच्या फळीच्या औषधांकडे जावं लागतं. मोठ्या मुलांना बहुधा दिवसाला एकच गोळी असते, लहानांच्या गोळ्या वजनाप्रमाणे बदलत जातात. आता कल्पना करा: आठवीतली मुलगी, एका खोलीत दहा जणी, ट्रंकेत एक पांढरी डबी. रोज रात्री आठला ती डबी खडखडते. चौथ्या दिवशी शेजारची विचारते, "कसली गं गोळी?" मुलगी शक्ती यावी म्हणून आहे असं सांगते, मग आठवड्याने गोळी घ्यायला पाण्याच्या टाकीमागे जाते आणि महिन्याभराने घ्यायचीच विसरते.

यावर तोडगा असा की वसतिगृहात औषधांचं एकच कपाट असावं. कोणाचा दम्याचा पंप, कोणाची फिट्सची गोळी, कोणाचं थायरॉइडचं औषध, सगळी औषधं नाव आणि वेळ लिहून तिथे जमा. रात्री आठ वाजता ज्यांना औषध आहे ते सगळे रांगेत. दर आठवड्याला शाळेत लोहाची निळी गोळी मिळतेच. औषध घेणं ही नवलाईची गोष्ट मुळात राहिलेली नाही. रेक्टरने वेळ पाळायची, आजार विचारायचा नाही. मूळ डबीतून गोळ्या साध्या डबीत काढायच्या असतील तर एआरटी केंद्रातल्या फार्मासिस्टला विचारून काढाव्यात, काही गोळ्यांना दमट हवा सोसत नाही, आणि पावसाळ्यात हवा कशी असते ते सांगायला नको.

दुसरी अडचण रजेची. महिन्याला किंवा तीन महिन्यांनी एक दिवस मुलाला औषध आणायला जिल्ह्याच्या गावी जावं लागतं. शाळा गैरहजेरीचं कारण मागते, डॉक्टरांची चिठ्ठी मागते, आणि चिठ्ठीच्या माथ्यावर छापलेलं असतं 'एआरटी केंद्र'. झालं, सगळं बाहेर. म्हणून एका दिवसाच्या रजेला पालकांची "दवाखान्यात जायचं आहे" एवढी ओळ पुरेशी मानावी, सगळ्यांच्याच बाबतीत.

आणि मुलाला स्वतःला कधी सांगायचं? जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये सुचवलं की शाळकरी वयात, साधारण ६ ते १२ वर्षांच्या दरम्यान, त्याच्या समजेप्रमाणे टप्प्याटप्प्याने सांगावं. हे काम पालकांचं आणि केंद्रातल्या समुपदेशकांचं. शिक्षकांच्या तोंडून ते अपघाताने कळावं यासारखं वाईट काही नाही.

आता कायदा. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियमाला २० एप्रिल २०१७ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. शाळेच्या दृष्टीने त्यातलं महत्त्वाचं असं: लागण आहे म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, काढून टाकता येत नाही, वेगळं बसवता येत नाही. प्रवेशासाठी किंवा शिक्षण चालू ठेवण्यासाठी चाचणीची अट घालता येत नाही. माहितीपूर्ण संमतीशिवाय कोणाची चाचणी करता येत नाही. मूल असेल तर संमती पालकांची. विश्वासाने सांगितलेली माहिती त्या व्यक्तीच्या किंवा पालकांच्या लेखी संमतीशिवाय पुढे सांगता येत नाही, अगदी शेजारच्या वर्गाच्या बाईंनाही नाही. हे संरक्षण लागण झालेल्या माणसाइतकंच त्याच्यासोबत राहणाऱ्यालाही आहे, म्हणजे आईला लागण आहे म्हणून मुलाला त्रास दिला तरी तो भेदभावच. लागण असलेल्यांविरुद्ध द्वेष पसरवणारा मजकूर छापला किंवा पसरवला तर तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "अमक्याच्या पोराला शाळेत घेऊ नका" असं लिहिणाऱ्याने हे कलम एकदा वाचून घ्यावं.

नोकरीच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने याच्याही कितीतरी आधी, १९९७ मध्ये, रस्ता दाखवला होता. एका रोजंदारी कामगाराला केवळ लागण असल्यामुळे कामावर घेतलं नव्हतं. माणूस काम करण्याजोगा असेल आणि इतरांना धोका नसेल तर त्याला डावलता येणार नाही, असा निकाल लागला. त्या कामगाराचं खरं नाव निकालात नाही. अक्षरांच्या संकेताने तो खटला ओळखला जातो. शाळेतल्या शिक्षकाला आणि शिपायालाही तेच तत्त्व लागू.

२०१७ च्या कायद्यात आणखी एक तरतूद आहे जी फार थोड्या शाळांना ठाऊक असते. आईबाप गेले किंवा अंथरुणाला खिळले आणि घर थोरलं भावंड चालवत असेल, तर १२ ते १८ वयाचं, पुरेशी समज असलेलं ते भावंड धाकट्याच्या शाळाप्रवेशासाठी पालक म्हणून उभं राहू शकतं. प्रवेश अर्जावर "पालकाची सही" या रकान्यासमोर सोळा वर्षांची बहीण उभी राहिली तर तिला "मोठं माणूस घेऊन ये" म्हणून परत पाठवू नये.

शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांसाठी महाराष्ट्राने एचआयव्ही बाधित आणि प्रभावित बालकांना वंचित गटात घेतलं आहे. हेतू उत्तम. पण त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांचं वा समकक्ष रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं, ते पडताळणीला जातं, आणि मग ज्या गोष्टीची गुप्तता कायदा सांभाळायला सांगतो तीच गोष्ट प्रवेशाच्या फायलीत लागते. हे मला सदोष वाटतं. पडताळणी आरोग्य विभागानेच करावी आणि शिक्षण विभागाकडे 'वंचित गट, पात्र' एवढाच शेरा जावा, असं करणं अवघड नाही. तोवर पालकांना सल्ला हाच: जातीच्या किंवा उत्पन्नाच्या निकषावर तीच जागा मिळत असेल तर त्या निकषावर अर्ज करा. बालसंगोपन योजना किंवा संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी मात्र कागद द्यावाच लागतो. तिथे तो कोणत्या टेबलावर जातो ते विचारून घ्यावं. तसं विचारणं हा तुमचा हक्क आहे.

एवढं झालं सांभाळण्याचं. शिकवायचं काय आणि कसं, हा याहून नाजूक भाग, आणि महाराष्ट्राने इथे बराच घोळ घातला आहे. केंद्राचा किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम २००५ मध्ये आला. २००७ मध्ये विधिमंडळात त्यातल्या चित्रांवरून आणि मजकुरावरून गदारोळ झाला, सगळे पक्ष एका सुरात बोलले आणि राज्यात लैंगिक शिक्षणावर बंदी आली. म्हणजे ज्या वर्षी बहुतेक जिल्हे 'अ' गटात होते त्याच वर्षी! ज्या राज्यात र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक शिक्षणाचं मासिक चालवलं त्या राज्यात हे घडलं. कर्व्यांवर १९३४ मध्ये खटला झाला तो वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून, डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी ते हरले. शंका विचारणाऱ्याला सोडून उत्तर देणाऱ्याला आरोपी करायची आपली सवय जुनी आहे.

आता आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रमात अकरा विषय आहेत आणि त्यांत प्रजनन आरोग्य व एचआयव्ही प्रतिबंध हा एक. प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण घेतात. बालभारतीच्या आठवीच्या विज्ञानात 'आरोग्य व रोग' या धड्यात एड्स आलेला आहे. तेव्हा "आम्हाला परवानगी नाही" ही सबब उरलेली नाही. २०१७ च्या कायद्याने तर वयाला साजेशी, कोणाला कलंक न लावणारी माहिती देणं ही सरकारचीच जबाबदारी ठरवली आहे.

वर्गात चालतं ते असं. प्रश्नपेटी ठेवायची, चिठ्ठीवर नाव नाही. प्रत्येकाने काहीतरी लिहायचंच, काही सुचलं नाही तर एखादी कवितेची ओळ, म्हणजे कोण लिहितंय हे कळत नाही. अशा पेटीतून निघतात ते प्रश्न पुस्तकातले नसतात. पुसेगावच्या यात्रेत गोंदवून घेतलं तर होतो का? न्हाव्याचं ब्लेड? मुलीला हात लावला तर? आईला असेल तर मला असतोच का? शेवटचा प्रश्न आला की शिक्षकाने चिठ्ठीवरून नजर उचलून वर्गावर फिरवायची नाही. तो प्रश्न बाकीच्यांसारखाच वाचून उत्तर द्यायचं: असतोच असं नाही, आज औषधामुळे बहुतेक बाळं मुक्त जन्मतात. गोंदणाचं उत्तर: सुई एकाला टोचून तशीच दुसऱ्याला टोचली तर धोका आहे, एचआयव्हीचा आणि त्याहून जास्त हिपॅटायटिसचा, म्हणून नवी सुई समोर फोडायला लावा. ब्लेडचं उत्तरही तेच. हात लावण्याचं उत्तर देताना हसू आवरायचं आणि मग, नववी-दहावी असेल तर, निरोध हा शब्द न अडखळता उच्चारायचा. शिक्षक अडखळला की मुलं समजतात इथे काहीतरी घाण आहे.

१ डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक एड्स दिनाच्या, प्रभातफेरीला माझा विरोध नाही, पण कवटीची चित्रं आणि मृत्यूच्या घोषणा आता बंद कराव्यात. नव्वदच्या दशकात औषध नव्हतं तेव्हा भीती घातली गेली. ती भीती आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या पालकांच्या डोक्यात तशीच बसली आहे आणि तीच शाळेच्या दारात येते. नियमित औषधाने रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला तर शरीरसंबंधातूनही तो पुढे जात नाही. ही गोष्ट फेरीतल्या एका तरी फलकावर असावी.

नाव बाहेर पडलं की काय होतं, त्याचे दाखले जगभर आहेत आणि ते एकमेकांसारखेच आहेत. अमेरिकेत इंडियाना राज्यात रायन व्हाइट या हिमोफिलिया असलेल्या आणि एचआयव्हीची लागण झालेल्या मुलाला १९८५ मध्ये शाळेने दार बंद केलं. केरळात कोल्लम जिल्ह्यात २००३ च्या सुमारास दोन अनाथ भावंडांच्या शाळेवरून देश ढवळला. आणि आपल्याकडे २००९ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांसाठीच्या रवी बापटले यांच्या 'सेवालया'तली मुलं गावच्या शाळेत जाऊ लागली तेव्हा पालकांनी विरोध केला, आपली मुलं शाळेत पाठवणं थांबवलं आणि प्रशासनाला मध्ये पडावं लागलं. पंढरपूरला मंगलताई शहांच्या 'पालवी'सारख्या संस्थांनी अशा मुलांना आपल्या छायेखाली वाढवलं, त्याचं मोल मोठं आहे. पण संस्थेतली सगळी मुलं लागण झालेली असतात हे गावाला आधीच ठाऊक असतं, तिथे गुप्ततेचा प्रश्नच उरत नाही. आपल्या आजीजवळ, मामाजवळ राहून गावच्या शाळेत जाणाऱ्या मुलाचं संरक्षण गुप्ततेनेच होतं.

तरीही कधी कधी फुटतंच. मग मुख्याध्यापकांनी पालकसभेत त्या मुलाबद्दल एक अक्षर बोलू नये, 'नाही' सुद्धा म्हणू नये. "कोणत्याही मुलाच्या तब्येतीबद्दल मी बोलणार नाही, तुमच्याही मुलाच्या बोलणार नाही," एवढं सांगून आजार कसा पसरतो आणि कसा पसरत नाही हे सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांकडून किंवा आयसीटीसी म्हणजे समुपदेशन व चाचणी केंद्राच्या समुपदेशकांकडून सभेत समजावून घ्यावं. साताऱ्याच्या लोकांना एक आठवण करून द्यायला हरकत नाही: १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी इथेच वसतिगृह काढून सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली, तेव्हाही "विटाळ होईल" म्हणणारे पालकच होते.

शाळेने ऐकलं नाही तर तक्रार कुठे? ज्या संस्थेत शंभर किंवा अधिक माणसं आहेत तिने तक्रार अधिकारी नेमायचा असतो, मोठ्या शिक्षणसंस्थांना हे लागू पडतं. त्यावर राज्याचे लोकपाल असतात. त्यांनी तीस दिवसांत आदेश द्यावा असं कायदा सांगतो. तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा असेल तर त्यात आजार न लिहिता "प्रवेश नाकारला" किंवा "वेगळं बसवलं" एवढंच लिहिलं तरी चालतं. तपशील चौकशीत, बंद दाराआड. जिल्हा रुग्णालयातलं जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथक अशा वेळी शाळेशी बोलतं.

शिक्षकांना, पालकांना किंवा नववीतल्या एखाद्या मुलालाच काही विचारायचं असेल तर राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची मदतवाहिनी आहे: १०९७. फोन मोफत लागतो आणि नाव सांगावं लागत नाही.